काहीच झालं नाही, याचं श्रेय कुणाला?

हल्ली कुठलाही पॉडकास्ट लावा, समोर एक यशस्वी माणूस बसवलेला असतो आणि अर्ध्या तासाच्या आत तो प्रश्न येतोच, "तुमच्या आयुष्यातला टर्निंग पॉइंट कोणता?" मग पाहुणा जरा थांबतो, वर छताकडे बघतो, आणि सुरू होतं. खिशात पैसे नव्हते, बॉसने सगळ्यांसमोर पाणउतारा केला, त्या रात्री झोप लागली नाही आणि पहाटे ठरवलं की आता बास. ऐकायला भारी वाटतं, मी पण ऐकतो, भांडी घासताना तर हमखास. पण ऐकता ऐकता एक गोष्ट खटकायला लागलीय की ज्याला हा प्रश्न विचारता येतो त्यालाच आपण यशस्वी म्हणायला लागलोय. ज्याच्या हाताखाली वीस वर्षं काही बिघडलंच नाही त्या माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवून काय विचारणार? "सर, तो दिवस आठवतो का, ज्या दिवशी काहीच झालं नाही?"

हसू नका, असं काम करणारी माणसं जगात ढिगाने आहेत आणि त्यांच्याच जिवावर बाकीच्यांचे टर्निंग पॉइंट चाललेत. वीज जाऊ नये, पाणी दूषित होऊ नये, पगार चुकीच्या खात्यात जाऊ नये, ऑपरेशननंतर पेशंटला इन्फेक्शन होऊ नये, हे बघणारी. त्यांचं काम चोख झालं की त्याची गोष्टच बनत नाही, आणि आपली यश ओळखायची पद्धत गोष्टीवर चालते, त्यामुळे ही माणसं आपल्याला दिसतच नाहीत. माझं म्हणणं असं आहे की ही नुसती कौतुकाची कंजुषी नाहीये, यात आपलं धडधडीत नुकसान होतंय, पैशाचं पण आणि कधीकधी जिवाचं पण.

एक खरी घडलेली गोष्ट सांगतो, कॉम्प्युटरवाल्यांना माहीत असेल. ३१ जानेवारी २०१७ ची रात्र. गिटलॅब नावाची कंपनी, जिथे जगभरातले प्रोग्रामर आपला कोड ठेवतात. डेटाबेसची काहीतरी कटकट चालू होती, एक इंजिनिअर उशिरापर्यंत बसून ती सोडवत होता, आणि दुय्यम सर्व्हरवरचं फोल्डर उडवायचं म्हणून त्याने जी कमांड मारली ती चालली मुख्य सर्व्हरवर. एकदोन सेकंदात लक्षात आलं, थांबवलं, पण तोपर्यंत सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. आता अशी चूक कुणाच्याही हातून होऊ शकते, रात्री उशिरा तर नक्कीच, म्हणूनच तर बॅकअप असतो. तर बॅकअप बघायला गेले. एकूण पाच वेगवेगळ्या सोयी कागदावर होत्या आणि त्यातली एकही धड चालत नव्हती किंवा मुळात लावलेलीच नव्हती. रोजचा बॅकअप जिथे साठायचा ती जागा रिकामी, कारण सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा मेळ नव्हता आणि तो बॅकअप गुपचूप फेल होत होता. बरं, फेल झाला तर इशाऱ्याचा मेल जायची व्यवस्था होती ना? होती. मेल निघतही होता. फक्त समोरचा मेल सर्व्हर तो नाकारत होता, म्हणजे धोक्याची घंटा वाजत होती पण घंटा टांगली होती ती खोली बाहेरून बंद. शेवटी वाचले ते त्याच इंजिनिअरने सहाएक तास आधी टेस्टिंगसाठी म्हणून हाताने काढून ठेवलेल्या एका कॉपीमुळे.

पण मला सांगायचंय ते पुढचं. कंपनीने काही लपवलं नाही, उलट दुरुस्तीचं काम यूट्यूबवर चक्क लाइव्ह दाखवलं, आणि एका वेळेला साधारण पाच हजार लोक ते बघत होते! इंजिनिअर डेटा कॉपी करतायत, कॉपी हळूहळू होतेय, आणि लोक क्रिकेटची शेवटची ओव्हर बघावी तसे बघतायत. मोकळेपणाबद्दल कंपनीचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं, मी त्यात काही काडी घालत नाही. पण नंतर त्यांनी स्वतःच जो रिपोर्ट लिहिला त्यात एक वाक्य असं होतं की बॅकअप नीट होतोय का हे तपासून बघणं ही नेमकी कुणाची जबाबदारीच नव्हती, त्यामुळे ते कुणीच तपासलं नाही. आता कल्पना करा की ती जबाबदारी कुणाची तरी असती. तो माणूस दर महिन्याला एकदा बॅकअप उघडून बघतोय, चालतोय, ठीक आहे, बंद केलं, टिक मारली. याचं लाइव्ह प्रक्षेपण केलं तर किती लोक बघतील? त्याची आईसुद्धा नाही बघणार.

आणि हे त्या एका कंपनीचं नाहीये, कुठल्याही ऑफिसात थोड्याफार फरकाने हेच दिसेल. दोन माणसं धरा. एकाची सिस्टिम दर दोन महिन्यांनी झोपते, मग हा रात्रभर जागतो, पहाटे चारला ग्रुपवर मेसेज टाकतो "सिस्टिम इज अप", सकाळी मोठ्या साहेबांचा मेल येतो सगळ्यांना कॉपी करून, काय डेडिकेशन, काय ओनरशिप, आणि तो लाल डोळ्यांनी कॉफी पीत कॉरिडॉरमधून असा चालतो की जणू आत्ताच सीमेवरून आलाय. दुसऱ्याची सिस्टिम पडत नाही. तो साडेपाचला घरी जातो. वर्षाअखेरीस फॉर्म येतो, "या वर्षातली तुमची मोठी कामगिरी लिहा", आणि हा बिचारा पेन हातात धरून बसतो. काय लिहू? गेल्या वर्षी पडली नव्हती, या वर्षी पण पडली नाही? पुढच्या वर्षी खर्चकपात आली की मीटिंगमध्ये कुणीतरी हुशार म्हणतं की त्या टीममध्ये चार माणसं कशाला, तिकडे नाहीतरी काही होत नसतं. मग दोन जातात. मग काही दिवसांनी होतं. मग बाहेरून कन्सल्टंट येतात आणि त्या दोघांच्या वर्षभराच्या पगाराएवढं बिल एका महिन्यात लावतात, आणि त्या कन्सल्टंटचं प्रेझेंटेशन मात्र फार सुंदर असतं.

यात त्या रात्रभर जागणाऱ्याचा दोष आहे असं मी म्हणत नाही, तो प्रामाणिकपणेच जागतो. दोष बक्षीस कशाला द्यायचं हे ठरवणाऱ्यांचा आहे. आग विझवली की टाळ्या आणि आग लागू दिली नाही की शांतता, असा हिशोब असेल तर लोक नकळत का होईना थोडी धग शिल्लक ठेवायला शिकतात, मुद्दाम करतात असं नाही, पण जिथे लक्ष दिलं की कौतुक होतं तिकडेच माणसाचं लक्ष जातं ना.

ओपनएसएसएलचं उदाहरण तर सगळ्यात मजेशीर, किंवा दुःखद, जसं घ्याल तसं. इंटरनेटवर आपण पासवर्ड टाकतो, पैसे भरतो, ते सुरक्षित राहावं म्हणून लागणारं हे सॉफ्टवेअर, फुकट उपलब्ध, आणि जगातल्या प्रचंड मोठ्या संख्येने वेबसाइट्स त्यावर चालतात. एप्रिल २०१४ मध्ये त्यात हार्टब्लीड नावाचं भगदाड सापडलं आणि मग जगाला कळलं की या प्रोजेक्टवर पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. आणि वर्षाला देणग्या यायच्या साधारण दोन हजार डॉलर. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या त्याच्यावर उभ्या होत्या आणि कुणाच्या मनातही आलं नाही की अरे हे सांभाळतं कोण. भगदाड पडल्यावर मात्र काही आठवड्यांच्या आत मोठमोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन निधी उभा केला. म्हणजे पैसे नव्हते असं नाही, बातमी नव्हती.

आता गोष्ट बनते तेच यश, हे आपल्या डोक्यात कुठून आलं? सगळा दोष सिनेमावर टाकणं सोपं आहे आणि थोडा मी टाकणारच आहे. सिनेमात हिरो काहीतरी शिकतो ते कसं शिकतो बघा, एक गाणं लागतं, तीन मिनिटात तो धावतो, पडतो, पुन्हा धावतो, घाम येतो, पाऊस पडतो (पाऊस का पडतो माहीत नाही पण पडतो), आणि गाणं संपताना तो तयार. खऱ्या आयुष्यात जी नव्वद टक्के असते ती सगळी रटाळ, तीच ती, कंटाळवाणी मेहनत तिथे गाण्याखाली दडपलेली असते. त्यामुळे आपल्याला असं वाटायला लागतं की कंटाळा येतोय म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय, आपल्यात पॅशन नाही, नोकरी बदलावी का. अहो, कंटाळा येतोय म्हणजे कदाचित काम नीट चाललंय!

आपत्तीवाले सिनेमे घ्या. त्यात एक शास्त्रज्ञ असतो, चष्मा, विस्कटलेले केस, तो सुरुवातीलाच सांगतो की मोठं संकट येतंय आणि त्याचं कुणी ऐकत नाही. ऐकायचंच नसतं, कारण ऐकलं तर सिनेमा पंचवीस मिनिटात संपेल. समिती बसली, निधी मंजूर झाला, भिंत बांधली, पाणी आलं आणि भिंतीला लागून परत गेलं, समाप्त. तिकिटाचे पैसे परत मागतील लोक. हॉस्पिटलच्या सिरियल्सचं तसंच, तिथे एक विक्षिप्त पण जीनियस डॉक्टर असतो जो शेवटच्या पाच मिनिटांत कुणालाच न सुचलेला आजार ओळखतो. हात धुण्यावर सिरियल कुणी काढत नाही. पण प्रत्यक्षात काय झालं ते सांगतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंमध्ये एक प्रयोग झाला, २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना होणारं इन्फेक्शन कमी करायचं होतं, त्यात माणसं दगावतात. त्यांनी नवीन औषध आणलं नाही की नवीन मशीन आणलं नाही. मुख्य गोष्टी पाच: हात धुवा, ठराविक जंतुनाशकाने कातडी पुसा, पेशंटवर पूर्ण निर्जंतुक कापड घाला, शक्यतो जांघेतून नळी घालू नका, आणि गरज संपली की नळी काढून टाका. यातलं कुठलंही डॉक्टरांना माहीत नव्हतं असं नाही, कॉलेजातच शिकवतात. नवीन होतं ते एवढंच की हे दर वेळी, न चुकता, यादी बघून करायचं, आणि कुणी पायरी गाळली तर नर्सला डॉक्टरांना थांबवायचा अधिकार. दीड वर्षात ही इन्फेक्शन्स ६६ टक्क्यांपर्यंत कमी झाली. किती जीव वाचले असतील? आणि वाचलेल्यांपैकी एकालाही माहीत नाही की तो वाचलाय, कारण त्याला काही झालंच नाही. तो कुणाचे पाय धरणार?

शेवटी नावं येतात ना सिनेमाची, ती तरी कोण बघतं. हल्ली ती सुरू झाली की कोपऱ्यात चौकोन येतो आणि पुढचा एपिसोड सुरू व्हायला पाच-सात सेकंद. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये सुरुवातीची नावं टाळायचं बटण पण दिलं. मी पण दाबतो ते. असो, हे जरा विषयांतर.

घराकडे वळलं की हाच प्रकार अजून उघडा पडतो. घर आवरलेलं असतं, कपडे धुतलेले असतात, लहान मुलाच्या लसीची तारीख कुणाच्या तरी लक्षात असते, आजोबांच्या गोळ्या संपायच्या आधी आलेल्या असतात. हे कुणाला दिसतं? ज्या दिवशी होत नाही त्या दिवशी दिसतं, आणि तेव्हा दिसतं ते "आज काय झालं तुला?" अशा सुरात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ मध्ये जगाचा हिशोब मांडला होता, बिनपगारी घरकाम आणि सेवाशुश्रूषा यांच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास बायकांचे. आणि यशस्वी पुरुषांच्या मुलाखतीत शेवटी एक वाक्य असतं, "घरच्यांचा सपोर्ट होता". बास, एवढ्यात आटोपलं. पाहुणा पहाटे चारला उठून ध्यान करतो, वाचन करतो, व्यायाम करतो हे वीस मिनिटं सांगतो, पण त्या वेळात घरातलं बाकीचं कोण बघतं हे विचारायचं सूत्रसंचालकाला सुचत नाही.

मिअर्ल लेडरमन युकेलिस नावाची अमेरिकन कलाकार आहे, तिला हे फार लवकर कळलं. मूल झालं, दिवस पुसण्या-धुण्यात जायला लागला आणि लोक विचारायला लागले की मग आता तू काय करतेस. तिने १९६९ मध्ये एक जाहीरनामाच लिहून टाकला, की हे जे रोज रोज सांभाळायचं काम आहे तेच माझी कला. त्यात तिचा एक प्रश्न होता, क्रांती वगैरे होऊन गेल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार? मला हा प्रश्न फार आवडतो कारण बदल घडवायला निघालेल्या कुठल्याही माणसाला तो विचारता येतो, राजकारण्याला, उद्योजकाला, आणि कवीलाही. नंतर तिने १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या सफाई खात्यातल्या जवळपास साडेआठ हजार कामगारांना एकेकाला भेटून हात मिळवला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. कुणी म्हणेल ही कसली कला. पण त्या कामगारांचे हात त्याआधी कुणी हातात घेतले होते?

आता इथवर हे सगळं ऑफिस, घर, सिनेमा असं चाललंय, पण खरा मार बसतो तो सार्वजनिक पैशात. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अभ्यासकांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकांचा एक अभ्यास छापला. त्यात दिसलं असं की आपत्ती येऊन गेल्यावर मदत वाटली तर मतदार सत्ताधाऱ्यांना मतं देतात, पण आपत्तीची तयारी आधी करून ठेवली तर त्याचं मत मिळत नाही. आणि त्यांचाच अंदाज होता की तयारीवर खर्च केलेला एक डॉलर पुढचं साधारण पंधरा डॉलरचं नुकसान वाचवतो. पंधरा पट! एवढा फायदा कुठल्या शेअरमध्ये मिळतो? तरी कुणी ते करत नाही कारण मतं मिळतात ती पाकिटं वाटताना काढलेल्या फोटोला. मग राजकारण्यांना शिव्या देऊन काय होणार, ते आपल्याला बघूनच शिकलेत. नवीन पुलाची फीत कापायला गर्दी होते, जुन्या पुलाच्या केबलचा गंज खरवडायला कोण फीत घेऊन येणार.

इटलीतल्या जिनोआचा मोरांदी पूल १४ ऑगस्ट २०१८ ला पडला, ४३ माणसं गेली. १९६७ साली सुरू झालेला पूल, त्या काळातलं कौतुकाचं बांधकाम, आणि ज्याने तो डिझाइन केला त्या रिकार्दो मोरांदीनेच १९७९ मध्ये गंजाबद्दल लिहून ठेवलं होतं, की समुद्राची खारी हवा आणि प्रदूषण यामुळे याची सतत देखभाल लागणार. म्हणजे सांगणारा कुणी बाहेरचा टीकाकार नव्हता, पुलाचा बापच सांगत होता. तीन मनोऱ्यांपैकी एकाचे ताण घेणारे दोर नव्वदच्या दशकात मजबूत करून घेतले गेले. जो मनोरा पडला त्याचे राहिले होते. आता त्या मजबूत केलेल्या मनोऱ्याचं काम ज्यांनी केलं त्यांची नावं कुणाला माहीत आहेत? मलाही नाहीत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरंच दमदार आहे, त्यामुळे त्याला बगल देणार नाही. काहीच झालं नाही हे तुमच्या कामामुळे झालं नाही की मुळात होणारच नव्हतं, हे कसं ठरवायचं? वायटूके आठवा. जुने कॉम्प्युटर वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवायचे, त्यामुळे २००० साल लागलं की ते गोंधळणार म्हणून जगभरात अफाट पैसा खर्च झाला, आणि १ जानेवारीला सूर्य नेहमीसारखा उगवला. लोक म्हणाले, बघा, उगाच घाबरवलं, कॉम्प्युटरवाल्यांनी पैसे उकळले. ज्यांनी वर्षानुवर्षं जुना कोड एकेक ओळ तपासून दुरुस्त केला त्यांना हे ऐकून काय वाटलं असेल. पण दुसरी बाजूही आहे, इटलीसारख्या देशांनी त्या मानाने बरीच कमी तयारी केली होती आणि तिथेही आकाश काही कोसळलं नाही. म्हणजे सगळाच खर्च गरजेचा होता असं छातीठोक म्हणता येत नाही. त्याच वेळी इंग्लंडमध्ये शेफील्डच्या एका हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरने याच तारखेच्या गोंधळामुळे गरोदर बायकांची वयं चुकीची मोजली आणि डाऊन सिंड्रोमचा धोका किती याचे दीडशेवर बायकांना चुकीचे निकाल गेले, आणि ते लक्षात येईपर्यंत मे महिना उजाडला. जिथे राहून गेलं तिथे काय होऊ शकत होतं त्याची ही छोटी झलक.

ओझोनचं तर अजून स्पष्ट आहे. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या भगदाडाचा शोध छापून आला, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, फ्रिज आणि स्प्रेमधली ओझोन खाणारी रसायनं टप्प्याटप्प्याने बंद झाली, आणि आता शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या आसपास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास ओझोन १९८० च्या पातळीला येईल. माणसाने मिळून निस्तरलेलं एवढं मोठं दुसरं काम पर्यावरणात दाखवा. आणि आज त्याचा उपयोग कशासाठी होतो? "तेव्हा ते ओझोन ओझोन करत होते, काय झालं त्याचं? तसंच हे हवामानबदलाचं." म्हणजे काम यशस्वी झालं याचाच पुरावा करून पुढचं काम करू नका असं सांगायचं. कपाळावर हात मारून घ्यावा.

पण आक्षेप शिल्लक राहतोच. "माझ्यामुळे काही झालं नाही" हे कामचुकार माणूसही म्हणू शकतो, आणि म्हणतोही. प्रत्येक ऑफिसात असा एक असतो जो सांगतो की मी आहे म्हणून चाललंय, आणि तो रजेवर गेल्यावर कळतं की तो नसताना जास्त बरं चालतं. त्यामुळे देखभाल करणाऱ्यांचे फोटो भिंतीवर लावा, महिन्याचा आदर्श देखभालकर्ता निवडा वगैरे असलं काही मी सुचवणार नाही, त्याचं दोन महिन्यात हसं होईल. आणि सांभाळण्याच्या नावाखाली काहीच न बदलणं, नवीन काही आलं की जोखीम जोखीम म्हणून मोडता घालणं, हाही याच जातीचा आजार आहे, तो मला मान्य आहे.

तरी उपाय अशक्य नाही, विमानवाल्यांनी करून दाखवलाय. अमेरिकेत १९७६ पासून एक व्यवस्था आहे जिथे पायलट, कंट्रोलर, मेकॅनिक कुणीही अपघात होता होता वाचल्याचं स्वतःहून कळवू शकतो, नाव गुप्त राहतं, आणि ती चालवते नासा, म्हणजे शिक्षा करणारं खातं वेगळं आणि ऐकणारं वेगळं. त्यामुळे झालं काय की जे घडलं नाही त्याची सुद्धा नोंद व्हायला लागली. चुकीच्या धावपट्टीकडे वळलो होतो, वेळेत लक्षात आलं. इंधनाचा आकडा चुकीचा ऐकला, दुसऱ्याने टोकलं. पडायच्या आत सावरलेल्या गोष्टींचा हा साठा एकदा हातात आला की मग काम करणारा कोण आणि नुसता नशिबावर तरलेला कोण हे बऱ्यापैकी कळतं. ऑफिसातही हे करता येईल की. किती वेळा सिस्टिम पडली एवढंच मोजू नका, किती वेळा पडता पडता पकडली ते पण मोजा. बॅकअप आहे का असं विचारू नका, शेवटचा कधी उघडून बघितला ते विचारा, तारखेसकट. रात्रभर जागून दुरुस्त केल्याचं कौतुक जरूर करा, पण त्याच मेलमध्ये पुढची ओळ लिहा की हे पुन्हा होऊ नये यासाठी कोण काय करणार आणि त्यासाठी त्याच्याकडून कुठलं काम काढून घेणार. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात, वेळ कुणी देत नाही, जबाबदारी मात्र देतात.

आणि निवडणुकीला उभा राहिलेला माणूस दारात आला की नवीन काय बांधणार हे तो न विचारताच सांगेल, त्याला विचारायचं ते हे की आधीच्यांनी बांधलेल्यातलं तू काय काय सांभाळलंस आणि त्यावर दरवर्षी किती खर्च केलास. पहिल्यांदा तो गडबडेल, त्याच्याकडे आकडा नसेल. दहा घरांत हाच प्रश्न आला तर अकराव्या घरी तो आकडा घेऊन येईल, कदाचित खोटा आणेल, पण खोटा आकडा निदान तपासता तरी येतो.